परत कधी बोलावणार?

मागच्या अंकात गावपातळीवर काम करणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं आणि टपाल एकदम वाढलं. पत्रं वेगवेगळ्या तालुक्यांतून आली, तरी विचारणं एकच आहे : गावाचं काम करणारी माणसं तयार कशी करायची? मराठवाड्यात बचत गटांच्या आणि पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी आणि माती शिवारातच अडवायच्या कामाच्या, कार्यकर्त्यांना शिकवण्यात माझी उभी हयात गेली. त्यामुळे या विषयावर मी हातचं राखून लिहिणार नाही. चार पत्रं घेते. पहिल्याला सर्वांत जास्त जागा देते, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं तिथेच आहेत.

प्रश्न : ताई, मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून एका संस्थेत लागले. गावागावांतून निवडलेल्या महिलांसाठी आम्ही तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण घेतलं. पाणलोट, बचत गट, शासकीय योजना, आरोग्य, नेतृत्वविकास असं सगळं घेतलं. पीपीटी चांगल्या होत्या. शेवटच्या दिवशी महिलांनी छान अभिप्राय दिले, गाणी म्हटली. दीड महिन्यानं गावांत फिरले, तर कुणी काहीच केलेलं नव्हतं. एकीनं फाइल मुलाला शाळेसाठी देऊन टाकली होती. आमचे साहेब म्हणतात, निवड चुकली. खरंच चुकली का?
— एक कार्यकर्ती, केज तालुका

उत्तर : पोरी, निवड चुकलेली नाही. बायकांची निवड चुकली असं एकदा म्हटलं की प्रशिक्षणाकडे कुणी बघत नाही, म्हणून ते बोललं जातं.

पत्रासोबत तू वेळापत्रक पाठवलंस, ते मी नीट वाचलं. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत उद्घाटन, पाहुण्यांचे सत्कार आणि संस्थेची माहिती. मग पाणलोट दीड तास, आरोग्य एक तास, योजना दोन तास, आणि शेवटच्या दिवशी नेतृत्व. हे सगळं ऐकून घरी गेलेल्या बाईनं चौथ्या दिवशी सकाळी उठून नेमकं काय करायचं होतं? तुझ्या कागदावर ते कुठेच नाही. वेळापत्रक लावायला बसशील तेव्हा हा प्रश्न सर्वांत वर लिहीत जा. उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर तारीख पुढे ढकल.

एका माणसाच्या डोक्यावर सगळे विषय लादायची सवय आपल्याकडे जुनी आहे. 2 ऑक्टोबर 1952 ला देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ग्रामसेवकाकडून शेतीपासून आरोग्यापर्यंत प्रत्येक गोष्ट गावाला समजावून सांगायची अपेक्षा होती. पाच वर्षांत, हा कार्यक्रम तपासणाऱ्या बलवंतराय मेहता समितीला सांगावं लागलं की कार्यक्रम आहे, पण त्यात लोक नाहीत. माणसं मेहनती होती, पण त्यांना सांगायला शिकवलं होतं, गावाबरोबर करायला शिकवलं नव्हतं.

आता तुझ्या जवळचं उदाहरण घे. जामखेड बीड जिल्ह्याला लागूनच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे गावांच्या आरोग्याचं काम करायला 1970 साली तिथे आले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या, पण त्या गावात रुळल्या नाहीत आणि गावानंही त्यांना आपलं मानलं नाही. मग गावांनीच आपल्यातल्या बायका निवडून दिल्या. त्यातल्या बऱ्याच जणींनी शाळा पाहिलेली नव्हती. कुणी दलित वस्तीतली, कुणी नवऱ्यानं टाकलेली. या बायका सलग सहा महिने वर्गात बसल्या नाहीत. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, जातपात बाजूला ठेवून एका पंगतीत जेवायच्या, थोडं शिकायच्या आणि गावी जायच्या. शिकलेलं गावात करून बघायचं, अडलेलं पुढच्या आठवड्यात घेऊन यायचं. खरं शिक्षण त्या येण्याजाण्यात झालं. गरोदर बाई तपासायला, बाळाचं वजन करायला, गावाला पाण्याबद्दल समजवायला त्या अशाच शिकल्या, आणि पुढे परदेशातले डॉक्टर त्यांच्याकडून शिकायला जामखेडला येऊ लागले.

तुझ्या बायकांना तू तीन दिवस दिलेस आणि दीड महिना वाऱ्यावर सोडलंस. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. बहुतेक संस्थांचं वेळापत्रक असंच असतं. पण गावात परतल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं ते डोळ्यांसमोर आण. सासू विचारते, तीन दिवस कुठं होतीस आणि काय आणलंस? शेजारीण म्हणते, आम्हाला काय मिळणार? बाई उत्तर द्यायला जाते, अडखळते आणि गप्प होते. त्याच आठवड्यात तिला बोलायला तुमच्यापैकी कुणीतरी हवं होतं. दीड महिन्यानं गेलीस तोवर ती गप्प राहायला शिकली होती.

दुसरी गोष्ट साधनांची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं होतं. त्यासाठी मिनिटाला किती श्वास पडतात ते मोजावं लागतं, आणि त्या बायकांना दहापर्यंतच मोजता येत होतं. साठ कसे मोजायचे? मग एक साधं उपकरण केलं. मिनिटासाठी वाळूचं घड्याळ, आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया असण्याचा संभव. तिला आकडे शिकवण्यात वर्ष घालवलं नाही; तिच्याजवळ जे होतं, दहापर्यंतची मोजणी, तिथून सुरुवात केली. पुढे तिथल्याच 39 गावांत थोड्याफार शिकलेल्या बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्या कामाचा अहवाल 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी कमी झालं होतं. आज तुझ्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्याचं मूळ तिथे आहे.

मी पाणलोट शिकवायची तेव्हा हॉलमध्ये फक्त जेवायला यायचो. सकाळीच उतारावर जायचं. बरोबर दोन सारख्या लांबीच्या काठ्या, एक आडवी काठी, सुतळी आणि एक दगड. दोन्ही काठ्यांची टोकं वर बांधून पाय फाकवायचे, मध्ये आडवी काठी बांधायची, आणि वरच्या टोकापासून सुतळीला दगड लोंबता सोडायचा, की उतारावर समपातळीची रेघ आखायची ए-फ्रेम तयार. मग ती एका जागी उभी करून सुतळी आडव्या काठीला जिथे लागते तिथे कोळशानं खूण करायची. पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर पुन्हा उभी करायची, दुसरी खूण करायची. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे पातळी. आता उतारावर एक पाय रोवायचा आणि दुसरा वरखाली सरकवत राहायचं. सुतळी मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खुंटी ठोकायची, पुढं जायचं, आणि मागून दुसरीनं फक्की टाकत यायचं.

एकदा या कामात एक म्हातारी आक्का होती. सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. फक्कीची रेघ डोंगराच्या कडेनं वळत गेली तशी ती थांबली आणि म्हणाली, "आमच्या शेताचा बांध हितनं नाय, सरळ खाली जातोय. म्हनूनच माती जाती जनू." मी काही सांगितलं नव्हतं. पाणलोटावर तासभर बोलून मला जे सांगता आलं नसतं ते तिनं स्वतःच्या तोंडून बाकीच्यांना सांगितलं. दुपारी त्याच बायकांनी स्वतःच्या शिवाराचा उतार कुठून कुठे जातो ते मातीत बोटानं काढून दाखवलं. चर खणायचे ते माथ्यापासून पायथ्याकडे, हे त्यानंतर समजवावं लागलं नाही.

पाणी फाउंडेशनचं काम तू पाहिलं असशील. 2016 साली कोरेगाव, वरुड आणि आमच्या अंबाजोगाई तालुक्यांत वॉटर कप ही गावांनी पाणी अडवायच्या कामाची स्पर्धा सुरू झाली. गावातले पाच जण चार दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला जायचे आणि लगेच 45 दिवसांची स्पर्धा लागायची. स्पर्धेबद्दल मतभेद असतील, माझेही काही आहेत, पण एक गोष्ट त्यांनी अचूक धरली : शिकणं आणि कुदळ हातात घेणं यांत मोकळा वेळ ठेवला नाही.

म्हणून तू असं कर. पाच विषयांतला एकच ठेव, आणि तो बायकांनाच विचारून ठरव. तीन दिवस सलग घेऊ नकोस. पहिल्यांदा दोन दिवस घे आणि उठताना प्रत्येकीला एकच काम दे, जे ती तीन आठवड्यांत स्वतःच्या गल्लीत करू शकेल. गल्लीतल्या पाच घरांत जाऊन रोजगार हमीचं जॉबकार्ड कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही ते बघून येणं, एवढं पुरे. मधल्या काळात प्रत्येकीच्या घरी जा. सासूशी बोल, चहा पी. मग तीन आठवड्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलाव आणि त्या दिवशी तू बोलू नकोस. काय झालं, कोण काय म्हणालं, कुठं अडलं, हे त्यांनाच सांगू दे. तुझा पुढचा अभ्यासक्रम त्यातून निघेल.

साहेब म्हणतील, दोनदा बोलावलं तर प्रवासखर्च वाढतो. वाढतोच. पण बॅनर, बॅगा, छापील फायली आणि पाहुण्यांचे शालश्रीफळ यांचे पैसे एकत्र मांडून त्यांच्यापुढे ठेव. आणि निवडीबद्दल त्यांना एवढंच विचार की या बायका कुणी निवडल्या होत्या. गावानं बसून निवडल्या असतील तर उत्तम. कुणा एकानं फोनवरून नावं दिली असतील तर पुढच्या वेळी गावात बसून निवडा. पण आत्ता आहेत त्यांना सोडू नकोस. उद्याच पहिलीच्या घरी जा.

प्रश्न : ताई, मी 'उमेद'मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, सीआरपी (बचत गटांना मदत करणारी गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून काम करते. वय 26. गटातल्या बायका माझ्या सासूच्या वयाच्या. प्रशिक्षण झालंय, पंचसूत्री तोंडपाठ आहे. पण एका गटाच्या अध्यक्षबाई रोकडवही स्वतःच्या घरी ठेवतात आणि मागितली की म्हणतात, "तू कालची पोरगी, आम्हाला हिशेब शिकवतीस?" काय करू?
— माढा तालुका

उत्तर : वही मागू नकोस. मागितलीस की तुझ्यात आणि त्यांच्यात भांडण लागणार आणि बाकीच्या बायका बघत बसणार.

बैठकीला बसलीस की आधी सगळ्यांची वैयक्तिक पासबुकं मांडायला लाव. मग एकेकीला तिचाच आकडा मोठ्यानं विचार : मावशी, तुमची बचत किती झाली? कर्ज किती राहिलं? जिला वाचता येत नाही तिला शेजारच्या पोरीकडून वाचून घेऊ दे, पण बोलायचं तिनंच. दोन-तीन बैठकांत प्रत्येकीला स्वतःचा आकडा पाठ होतो. मग सगळ्यांच्या बचतीची बेरीज तिथल्या तिथे करायची आणि अध्यक्षबाईंना म्हणायचं, "काकू, वहीशी ताडून बघू या का?" आता वही तू मागत नाहीस, गट मागतो.

पंचसूत्रीतली पहिली चार कलमं, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड, बायका पटकन धरतात. पाचवं हिशेबाचं. ते आपण एकट्या लिहिणाऱ्या बाईच्या गळ्यात बांधतो, म्हणून गट तिथेच फुटतात. हिशेब लिहायला एक जण पुरते, पण तो कळला पाहिजे सगळ्यांना. तुझ्या प्रशिक्षणात वही कशी लिहायची ते शिकवलं; लिहिता न येणाऱ्या दहा जणींना ती वही कशी समजावायची ते शिकवलं नाही. पुढच्या वेळी तालुक्याला प्रशिक्षण असेल तेव्हा हात वर करून हेच माग. आणि त्या काकूंचा मान राख. बहुतेक वेळा अशा बाईच्या मनात चोरी नसते, बेरीज चुकली असेल याची धास्ती असते. एखाद्या दुपारी एकटी तिच्या घरी जा आणि दोघी मिळून वही पहिल्या पानापासून बघा.

प्रश्न : मी पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आले आणि राखीव जागेमुळे सरपंच झाले. तालुक्याला सरपंचांचं प्रशिक्षण होतं. आमच्या ह्यांनीच जाऊन सही केली. घरी दीड वर्षाचं मूल आहे, मला जाताही आलं नसतं. आता मला काहीच माहीत नाही आणि ग्रामसभा तोंडावर आहे.
— सरपंच, औसा तालुका

उत्तर : तुम्ही पत्र लिहिलंत, यातच सुरुवात झाली. आधी ग्रामसभेपुरतं सांगते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती घ्याच, आणि मंदिरासमोर किंवा अंगणवाडीत, बायका मोकळेपणानं बसतील अशा जागी घ्या. पाण्याची टाकी, रस्त्यावरचे दिवे, शौचालयाचं पाणी कुठं सोडतात, बायका जे बोलतील ते स्वतः लिहून घ्या. अक्षर कसंही असो. ग्रामसभेत तेच वाचायचं. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी तेवढी माणसं लागतात. महिलासभेतल्या बायका आल्या तर बरीचशी गणपूर्ती त्यांच्यातच होते, आणि समोर ओळखीचे चेहरे असले की आवाज निघतो.

दुसरं. वित्त आयोगाच्या निधीतून पैसे देताना सरपंचाची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) डिजिटल सही लागते. तुमच्या सहीचा तो पेनड्राइव्हसारखा डोंगल कुठं आहे? ऑपरेटरकडे किंवा घरच्या माणसाकडे असेल तर आजच मागून घ्या आणि पासवर्ड तुम्हीच ठेवा. कशाचे पैसे, किती आणि कुणाला, हे समजल्याशिवाय तो लावायचा नाही. बाकीचे नियम हळूहळू येतील, ही गोष्ट मात्र उद्यावर टाकू नका. कायद्यापुढे जबाबदार तुम्हीच आहात, तुमचे यजमान नाहीत.

आणि प्रशिक्षण घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या. म्हणजे प्रशिक्षणातली निम्मी माणसं अंगावर मूल असलेली, गुरांचं बघणारी, संध्याकाळच्या एसटीच्या आत घरी पोचायला हवी अशी असणार. त्यांच्यासाठी पाळणाघर नाही आणि निघायची वेळ सहाची, मग यजमान येणारच. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवत होत्या. मुलं गुरं चारायला आणि लहान भावंडं सांभाळायला जायची, शाळेत येत नव्हती. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात आणि अंगणात नेली. सरपंचबाई येत नसतील तर चार-पाच गावं मिळून एका गावात अकरा ते तीन प्रशिक्षण घ्या, मुलांना सांभाळायला दोन जणी ठेवा. आणि दारात नम्रपणे, पण ठाम सांगा की ज्यांच्या नावाचं पत्र आहे त्यांनीच आत यायचं, सोबतच्या भाऊंसाठी बाहेर चहाची सोय आहे. मी हे वर्षानुवर्षं केलं. सुरुवातीला कुरबुर होते, मग सवय होते.

तुम्ही पंचायत समितीकडे लेखी अर्ज द्या की माझं प्रशिक्षण झालेलं नाही, पुढच्या तुकडीत माझं नाव घ्यावं. मूल बरोबर न्या.

प्रश्न : मी 31 वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोकरी सोडून ग्रामविकासात यायचं ठरवलं आहे. कोणता कोर्स करू?
— कोथरूड

उत्तर : सांगायला नावं पुष्कळ आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूरला केंद्र आहे, तिथे ग्रामीण विकासाचं रीतसर शिक्षण मिळतं. 'सर्च'नं 2006 पासून 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम चालवला आहे. तुमच्याच जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातून बाहेर पडले आणि 1983 साली त्यांनी तो सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती ही कामं हातानं करत शिकतात. तुम्ही यंत्राची समज असलेले आहात, म्हणून आधी पाबळ बघून या.

पण कोर्सच्या आधी एका गावात एक खरीप काढा. मृगाच्या पेरणीपासून सोयाबीन खळ्यावर येईपर्यंत. कुठलंही ॲप, कुठलाही प्रकल्प डोक्यात न ठेवता. पाहुणे म्हणून न राहता भाड्यानं खोली घेऊन राहा, आणि शक्य तर गावाच्या पाटलाच्या आळीत नको.

याचं कारण सांगते. आम्ही गावाचा नकाशा बायकांकडून रांगोळीनं काढून घ्यायचो. एका गावात मारुतीच्या पारासमोर सुंदर नकाशा झाला : शाळा, विहिरी, दूध डेअरी, प्रत्येक घर. ओढ्याशी येऊन रांगोळी थांबली. ओढ्यापलीकडे पारधी वस्ती होती. आम्ही सकाळी तिथूनच चालत आलो होतो. काढणाऱ्या बायका वाईट नव्हत्या, त्यांच्या लेखी गाव तिथे संपत होतं. बाहेरून आलेल्या माणसालाही पहिले काही महिने गावाच्या मधलं गावच दिसतं. ओढ्यापलीकडच्यांना तुम्ही कोण ते माहीत व्हायला एक हंगाम तरी जातो, आणि त्यांच्या अडचणी कळायला त्याहून जास्त. त्यानंतर तुम्ही कोर्सला बसलात की शिकवणाऱ्याला विचारायला तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील.

खर्चाचं आत्ताच बघा. सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का ते विचारा. राजीनामा द्यायचाच असेल तर तो दिवाळीनंतर द्या, सोयाबीन विकून झाल्यावर.